ठिणगीचे माप : मोटारीसाठी योग्य स्पार्क प्लगची निवड

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर, हेडच्या आट्यांमध्ये, स्पार्क प्लग बसवलेला असतो. पिस्टनने दाबलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला नेमक्या क्षणी पेटवणे एवढेच त्याचे काम. हे काम किती वेळा करावे लागते याचा साधा हिशेब मांडता येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरात एक ठिणगी पडते. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला, म्हणजेच दर किलोमीटरला, १००० ठिणग्या पडतात. ३०,००० किलोमीटर पूर्ण होईपर्यंत एकेका प्लगने ३ कोटी ठिणग्या टाकलेल्या असतात. प्रत्येक ठिणगीनंतर त्याच्या टोकाभोवती २००० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाचा जाळ उठतो, दाब वातावरणाच्या पन्नासपटीच्या घरात जातो आणि लगेच पुढच्या फेऱ्यात थंड ताजे मिश्रण त्याच टोकावर येऊन आदळते.

इतके सोसणारा हा भाग किमतीने मात्र इंजिनातल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. म्हणूनच त्याची निवड सहसा घाईत होते. दुकानदार देईल तो, शेजाऱ्याच्या गाडीला लागला तो, किंवा सर्वांत महाग तो प्लग घेतला जातो. योग्य निवडीला मात्र एक ठरलेला क्रम आहे. आधी माप, मग उष्णता, मग गॅप आणि शेवटी धातू. हा क्रम उलटला की महागडा प्लगही इंजिनाचे नुकसान करतो आणि क्रम पाळला की साधा प्लगही चोख काम करतो.

शोधाचा मार्ग

विजेच्या ठिणगीने इंधन पेटवण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. बेल्जियममध्ये जन्मलेल्या एतिएन लेन्वार यांनी १८६० साली पॅरिसमध्ये जे गॅस इंजिन बनवले, त्यात ठिणगीच वापरली होती. पण त्या काळच्या बॅटऱ्या आणि कॉइल भरवशाच्या नव्हत्या. त्यामुळे गोटलीब डाइमलर यांच्या सुरुवातीच्या इंजिनांत बाहेरून ज्योतीने तापवलेली नळी मिश्रण पेटवत असे. अशा नळीत पेट घेण्याचा क्षण हवा तसा पुढे-मागे करता येत नाही, आणि इंजिनाचा वेग वाढवायचा तर नेमके तेच करावे लागते.

ही अडचण स्टुटगार्टमध्ये सुटली. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली तिथे कार्यशाळा काढली होती. त्यांचे अभियंते गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च व्होल्टचा मॅग्नेटो (बॅटरीशिवाय वीज निर्माण करणारे यंत्र) आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग यांची व्यवस्था व्यवहारात आणली. पुढे जपानमध्ये नागोया इथे १९३६ साली एनजीके कंपनी उभी राहिली. भारतात बंगळुरूला १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, सुरू झाली. बॉशच्या तंत्रज्ञानावर चालणाऱ्या या कंपनीचा ‘मायको प्लग’ हा शब्द दोन पिढ्यांच्या मेकॅनिकांच्या तोंडी होता. २००८ साली या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले.

या काळात प्लगचा बाहेरचा आकार फारसा बदलला नाही. बदलले ते आतले पदार्थ. अभ्रक आणि चिनी मातीच्या जागी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सिरॅमिक आले, भरीव निकेलच्या जागी तांब्याचा गाभा असलेले इलेक्ट्रोड आले आणि मग प्लॅटिनम व इरिडियम आले.

प्लगच्या आत काय असते

प्लगच्या वरच्या टोकाला कॉइल किंवा प्लगची वायर जोडण्याचे टर्मिनल असते. त्याखाली पांढरा सिरॅमिक इन्सुलेटर असतो. हजारो व्होल्टची वीज आतच राखायची आणि जळत्या वायूचा ताप सोसायचा, अशी दोन्ही कामे त्याला करावी लागतात. इन्सुलेटरच्या वरच्या भागावर आडव्या वळ्या असतात. त्यांच्यामुळे पृष्ठभागावरचा रस्ता लांबतो आणि वीज बाहेरून सरकत लोखंडी भागाकडे उतरत नाही. आत टर्मिनल आणि मधला इलेक्ट्रोड यांच्यामध्ये काचेच्या भुकटीचे सील असते आणि बहुतेक प्लगांत तिथेच सुमारे ५००० ओमचा रेझिस्टर बसवलेला असतो.

खालच्या अर्ध्या भागावर पोलादी कवच असते. त्यावर पाना लावायची षटकोनी जागा, आटे आणि वॉशर असतो. काही प्लगांना वॉशर नसतो, त्यांची बैठक निमुळती असते आणि तीच हेडमध्ये घट्ट बसते. अगदी खाली मधल्या इलेक्ट्रोडचे टोक असते आणि कवचाला जोडलेला, वाकवून त्याच्यासमोर आणलेला बाजूचा इलेक्ट्रोड असतो. या दोहोंमधली फट म्हणजे गॅप.

ठिणगी कशी पडते

बॅटरी १२ व्होल्टची असते. इग्निशन कॉइल तिच्यापासून गरजेप्रमाणे सुमारे १२,००० ते ४०,००० व्होल्टचा दाब तयार करते. गॅपमधली हवा आधी वीज वाहू देत नाही. दाब पुरेसा चढला की तिचे अणू विद्युतभारित होतात, वाट मोकळी होते आणि ठिणगी पडते. ती एक-दोन मिलिसेकंदच टिकते. स्थिर हवेत योग्य प्रमाणातले मिश्रण पेटायला एक मिलिज्यूलच्या चौथ्या हिश्श्याइतकी ऊर्जाही पुरते. तरीही कॉइल ३० ते १०० मिलिज्यूल देते, कारण सिलिंडरात मिश्रण स्थिर नसते, सर्वत्र सारखे नसते आणि नुकत्याच जन्मलेल्या ज्योतीची उष्णता इलेक्ट्रोडचा थंड धातू शोषून घेतो.

हा शेवटचा मुद्दा निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ठिणगीभोवती जो इवलासा जाळ प्रथम तयार होतो, तो वाढला तर पुढे सगळे मिश्रण पेटते. जाड इलेक्ट्रोड त्याला चहूबाजूंनी वेढून विझवू पाहतात, बारीक इलेक्ट्रोड त्याला वाट देतात. टोक जितके बारीक आणि धारदार, तितके विद्युतक्षेत्र तिथे एकवटते आणि कमी व्होल्टात ठिणगी पडते. प्लग जुना होतो तेव्हा याच्या उलट घडते. कडा गोल होतात, गॅप रुंदावतो आणि त्याच ठिणगीसाठी कॉइलला जास्त व्होल्ट उभे करावे लागतात.

पहिली कसोटी : माप

प्लग हेडमध्ये बसला पाहिजे, आणि हेडच्या रचनेत जेवढा बसायला हवा तेवढाच बसला पाहिजे. यासाठी चार मापे पाहावी लागतात. पहिले आट्यांच्या व्यासाचे. मोटारींमध्ये १४ मिलिमीटर सर्वांत प्रचलित आहे. नव्या, आटोपशीर हेडच्या इंजिनांत १२ मिलिमीटरचे आणि काहींत १० मिलिमीटरचे प्लग असतात. व्यास लहान केला की व्हॉल्व्ह मोठे ठेवता येतात आणि प्लगभोवती पाणी खेळवायला जागा उरते. दुसरे माप आट्यांच्या लांबीचे. १२.७, १९ आणि २६.५ मिलिमीटर ही नेहमीची मापे आहेत. तिसरे पान्याचे. जुन्या प्लगांना २०.८ मिलिमीटरचा, नंतरच्यांना १६ आणि काही नव्यांना १४ मिलिमीटरचा पाना लागतो. चौथी गोष्ट बैठकीची : वॉशरची की निमुळती.

यांत सर्वाधिक घात आट्यांच्या लांबीत होतो, कारण चुकीच्या लांबीचा प्लगही हेडमध्ये फिरून बसतो. लांबी कमी असेल तर ठिणगी दहनकक्षात न पडता हेडच्या खोबणीत पडते आणि उघड्या राहिलेल्या आट्यांवर कार्बन साचतो. पुढे योग्य प्लग बसवायला गेले की तो त्या कार्बनमध्ये अडकतो. लांबी जास्त असेल तर प्लगचे आटे दहनकक्षात उघडे पडतात, लाल होईपर्यंत तापतात आणि काही इंजिनांत पिस्टन किंवा व्हॉल्व्ह थेट प्लगवर आदळतो. शंभर-दोनशे रुपयांची ही चूक इंजिन खोलण्यापर्यंत नेऊ शकते. जुना आणि नवा प्लग शेजारी धरून आटे जुळवून पाहणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

दुसरी कसोटी : उष्णता

गरम प्लग आणि थंड प्लग हे शब्द गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतात, आणि त्यांचा अर्थही नेहमी चुकीचा लावला जातो. गरम प्लगची ठिणगी अधिक गरम नसते. फरक आहे तो टोकावरची उष्णता हेडकडे किती वेगाने जाते यात. इन्सुलेटरचे खालचे नाक लांब असेल तर उष्णतेला कवचापर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो आणि टोक गरम राहते. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. हा थंड प्लग.

टोकाचे तापमान एका पट्ट्यात राहणे आवश्यक असते. ते सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या खाली राहिले तर त्यावर बसलेली काजळी जळून जात नाही. ती साचत जाते, वीज तिच्यावरून कवचाकडे गळू लागते आणि ठिणगी पडेनाशी होते. तापमान सुमारे ८५० अंशांच्या वर गेले तर इलेक्ट्रोड झपाट्याने झिजतात. त्याहीपुढे गेले की तापलेले टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवू लागते. पिस्टन अजून वर येत असताना झालेला हा स्फोट पिस्टनला भोक पाडू शकतो. काजळी साफ होण्याच्या मर्यादेपासून या धोक्यापर्यंतच्या पट्ट्यात टोक राहावे म्हणून प्लग किती वेगाने उष्णता बाहेर काढतो, याची श्रेणी म्हणजे हीट रेंज. ती क्रमांकाने दाखवतात.

इंजिन बनवणारी कंपनी चाचण्यांनंतर हा क्रमांक ठरवते. पुण्याच्या सिग्नलांवर थांबत थांबत दोन-तीन किलोमीटर चालणारी गाडी आणि कुटुंब व सामान घेऊन खंबाटकी किंवा कसारा घाट चढणारी गाडी, या दोन्ही परिस्थितींत टोकाचे तापमान पट्ट्यात राहावे अशीच ती निवड असते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो म्हणून थंड प्लग घालण्याचे कारण नाही. दहनकक्षातल्या तापमानापुढे बाहेरच्या हवेतला दहा-पंधरा अंशांचा फरक नगण्य आहे आणि हेडचे तापमान थर्मोस्टॅट व कूलंट सांभाळतात. इंजिनाची ताकद मुद्दाम वाढवली असेल, टर्बोचा दाब वाढवला असेल किंवा गाडी शर्यतीत चालवायची असेल, तरच एक पायरी थंड प्लगचा विचार होतो. एका पायरीने टोकाचे तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलते.

कंपन्यांच्या आकड्यांत इथे मोठी गफलत होते. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग गरम. म्हणून एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा तोच आकडा मागणे चूक आहे. अदलाबदल करायची तर कंपनीचा जुळणीचा तक्ताच पाहावा.

तिसरी कसोटी : गॅप

गॅप मोठा असेल तर ठिणगी लांब पडते, मिश्रणाला अधिक भिडते आणि पेट खात्रीने घेतला जातो. पण तिला व्होल्टही जास्त लागतात. सिलिंडरातला दाब वाढला की ही गरज आणखी वाढते. त्यामुळेच अनेकदा शांत चालणारी गाडी चढावर ॲक्सिलरेटर दाबताच मिस मारू लागते. गॅप लहान असेल तर ठिणगी सहज पडते, पण पातळ मिश्रण पेटवायला ती अपुरी ठरते आणि इंजिन आयडलिंगला थरथरते.

पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांत कॉइलची ताकद मर्यादित होती, म्हणून गॅप ०.६ ते ०.८ मिलिमीटर ठेवत. कुर्ल्याला बनणाऱ्या आणि २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीची पिढी ती. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आल्यावर १.० ते १.१ मिलिमीटर गॅप सामान्य झाला. दाब जास्त असलेल्या टर्बो इंजिनांत तो पुन्हा ०.७ ते ०.८ च्या आसपास आणतात.

नवा प्लग गॅप लावूनच येतो, तरी वाहतुकीत पडल्याने तो बदलू शकतो. बसवण्यापूर्वी फिलर गेजने मोजून घ्यावा. सुधारायचा तर बाजूचा इलेक्ट्रोड हलक्या हाताने वाकवावा, मधल्याला धक्का लावू नये. इरिडियमचे टोक अत्यंत बारीक व ठिसूळ असते. त्यावर गेज घासून किंवा दाबून चालवल्यास ते तुटते.

चौथी कसोटी : धातू

बाजारात ज्याला कॉपर प्लग म्हणतात, त्याचे टोक तांब्याचे नसते. तांबे वीज व उष्णता उत्तम वाहते, पण १०८५ अंशांना वितळते आणि लवकर झिजते. म्हणून ते गाभ्यात असते, टोक निकेल मिश्रधातूचे असते आणि सहसा २.५ मिलिमीटर जाड असते. असा प्लग २० ते ४० हजार किलोमीटर चालतो. प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळते आणि ठिणगीने कमी झिजते. १९८० च्या दशकात प्लॅटिनमची टोके मोटारींत रुळली. इरिडियमचा वितळणबिंदू २४०० अंशांच्याही वर आहे. त्याचे टोक ०.६ किंवा ०.४ मिलिमीटर इतके बारीक करता येते. १९९० च्या दशकात असे प्लग बाजारात आले. कंपनीने शिफारस केलेल्या इंजिनांत ते लाख किलोमीटरपर्यंत टिकतात.

महाग प्लगने ताकद आणि ॲव्हरेज वाढते का, हा प्रश्न प्रत्येक दुकानात विचारला जातो. झिजलेले प्लग काढून कोणत्याही धातूचे नवे घातले की गाडी सुधारते. फरक नवेपणाचा असतो. निरोगी इंजिनात नवा निकेल प्लग आणि नवा इरिडियम प्लग यांच्यात चालकाला जाणवेल असा फरक फारसा नसतो. इरिडियमचा खरा फायदा म्हणजे दीर्घ आयुष्य, त्या आयुष्यात जवळजवळ स्थिर राहणारा गॅप आणि कॉइलवर कमी ताण. जिथे प्लगपर्यंत पोचण्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, तिथे हा फायदा मजुरीतच वसूल होतो. जिथे प्लग पंधरा मिनिटांत बदलतो आणि कंपनीने निकेलचाच दिला आहे, तिथे वेळेवर बदललेला निकेल प्लग पुरेसा आहे. उलट, कंपनीने इरिडियम दिला असेल तिथे पैसे वाचवण्यासाठी निकेल घालू नये, कारण सर्व्हिसचे वेळापत्रक त्या आयुष्यावर बेतलेले असते.

एक बारकावा दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असलेल्या इंजिनांचा आहे. तिथे निम्म्या प्लगांत वीज उलट दिशेने जाते आणि झीज बाजूच्या इलेक्ट्रोडवर होते. अशा इंजिनांना दोन्ही इलेक्ट्रोडांवर मौल्यवान धातू असलेले प्लग लागतात. दोन, तीन किंवा चार बाजूचे इलेक्ट्रोड असलेल्या प्लगमध्ये एका वेळी ठिणगी एकच पडते. झीज वाटली जाते, म्हणून आयुष्य वाढते, इतकाच त्याचा अर्थ. एकाहून अधिक ठिकाणी मिश्रण पेटवायचे तर प्लगच एकाहून अधिक लागतात. बजाजने २००३ साली पल्सर मोटरसायकलच्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग दिले ते याच कारणासाठी.

रेझिस्टरच्या बाबतीत निवडीला जागाच नाही. ठिणगीतून निघणाऱ्या रेडिओलहरी गाडीच्या संगणकाला आणि सेन्सरना त्रास देतात, रेझिस्टर त्या आवरतो. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत रेझिस्टरचाच प्लग घालावा.

क्रमांक कसा वाचावा

प्लगवरच्या क्रमांकात वरच्या सगळ्या कसोट्या लिहिलेल्या असतात. एनजीकेचा ‘बीकेआर६ई-११’ हा नमुना घ्यावा. ‘बीके’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ मिलिमीटरचा पाना, ‘आर’ म्हणजे रेझिस्टर, ‘६’ ही हीट रेंज, ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे आणि ‘११’ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. डेन्सोच्या ‘के२०पीआर-यू११’ मध्ये ‘के’ने आटे व पाना कळतो, २० ही हीट रेंज आहे आणि ११ पुन्हा गॅप. एनजीकेचा ६ आणि डेन्सोचा २० हे साधारण एकाच पायरीवरचे. बॉशच्या ‘एफआर७डीसी’ मध्ये ‘एफ’ने १४ मिलिमीटरचे आटे व १६ मिलिमीटरचा पाना, ‘आर’ने रेझिस्टर, ७ ने हीट रेंज, ‘डी’ने १९ मिलिमीटर लांबी आणि ‘सी’ने तांब्याचा गाभा सांगितला आहे. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचे नुसते नाव सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगावा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वर्षागणिक इंजिन बदलते आणि त्याबरोबर प्लगही. क्रमांक गाडीच्या पुस्तिकेत मिळतो, आणि पुष्कळदा बॉनेटखालच्या लेबलवरही असतो.

सीएनजी, टर्बो आणि इथेनॉल

मुंबई-पुण्याच्या परिसरात सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची संख्या मोठी आहे आणि प्लगची सर्वांत कठीण परीक्षा त्याच घेतात. सीएनजीतला मुख्य घटक मिथेन पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. द्रव पेट्रोलच्या बाष्पीभवनाने मिळणारा थंडावा गॅसमध्ये मिळत नाही, त्यामुळे टोकावर ताप अधिक राहतो. परिणामी गॅप लवकर वाढतो आणि वाढलेला गॅप कॉइलला जाळतो. गॅसवर मिस मारणारी आणि पेट्रोलवर केलेली की सुरळीत चालणारी गाडी दिसली की आधी प्लग तपासावेत. कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेल्या गाडीला त्या मॉडेलच्या सीएनजी प्रकारासाठी दिलेलाच प्लग घालावा. बाहेरून किट बसवले असेल तर किट बनवणाऱ्याच्या शिफारशीप्रमाणे गॅप काहीसा कमी, साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात, काही ठिकाणी एक पायरी थंड प्लग वापरतात आणि बदलण्याचा अवधी कमी करतात.

लहान टर्बो इंजिनांत दाब मोठा असतो आणि पेट्रोल थेट दहनकक्षात फवारणाऱ्या इंजिनांत प्लगच्या टोकाची फवाऱ्याशी असलेली जागाही हिशेबात धरलेली असते. अशा इंजिनांत ‘साधारण तसाच’ प्लग चालत नाही. हुबेहूब तोच क्रमांक हवा.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर प्लग बदलावा लागतो का, ही शंका अलीकडे घेतली जाते. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो आणि त्याच्या बाष्पीभवनाला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. म्हणून थंडीत सुरू होताना कमजोर ठिणगी लगेच उघडी पडते. त्यावर उपाय वेगळ्या जातीचा प्लग नसून वेळेत बदललेला प्लग आहे. डिझेल इंजिनात मात्र स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते आणि थंडीत मदतीला हीटर प्लग असतो.

काढलेला प्लग काय सांगतो

जुना प्लग फेकण्यापूर्वी पाहावा. तो इंजिनाच्या आतली बातमी बाहेर आणतो. टोकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, एअर फिल्टर तुंबला आहे किंवा गाडी फार छोट्या अंतरांवर चालते आहे. ओलसर, तेलकट काळा थर असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत येते आहे. पांढरेफटक, फोड आलेले टोक जादा तापमान दाखवते : मिश्रण पातळ, टायमिंग पुढे किंवा कूलिंग कमी. इन्सुलेटरचे नाक तडकले असेल तर नॉकिंगचा संशय घ्यावा. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरात शोधावा. अशा वेळी प्लगची हीट रेंज बदलून दोष झाकणे चुकीचे आहे. मूळ रोग तसाच राहतो आणि लक्षण तेवढे नाहीसे होते.

२००० साली देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले आणि शिशाचे थर प्लगवर साचणे थांबले. त्याआधी प्लग काढून, वायरब्रशने घासून, पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवणे ही नियमित सेवा होती. आजच्या बारीक टोकांच्या प्लगवर हा उपचार करू नये. ब्रशने मौल्यवान धातूचे टोक उडते आणि घासलेल्या इन्सुलेटरवर धातूची रेघ उरून वीज गळते.

झिजलेला प्लग तसाच चालवण्याची किंमत प्लगपेक्षा कितीतरी मोठी असते. मिसफायर झालेल्या सिलिंडरातले न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते. त्या उष्णतेने कन्व्हर्टरची आतली जाळी वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला की तो याच धोक्याचा इशारा असतो. तेव्हा वेग कमी करून गाडी लवकरात लवकर तपासायला न्यावी.

बसवणे

योग्य प्लग चुकीच्या हाताने बसवला तर निवड वाया जाते. इंजिन थंड असतानाच प्लग काढावा. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे जाण्याची भीती असते. काढण्यापूर्वी प्लगभोवतीची धूळ हवेच्या झोताने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरात पडते. कोकणात पावसाळ्यानंतर प्लगच्या खोलगट जागेत पाणी आणि गंज सापडतो, तर टॅपेट कव्हरचे गॅस्केट गळत असल्यास तिथे ऑइल साचते. दोन्हींमुळे वीज बाहेरून उतरते, म्हणून ती जागा पुसून घ्यावी.

नवा प्लग आधी हाताने, पाना न लावता, शेवटपर्यंत फिरवावा. सुरुवातीलाच अडला तर तो तिरका गेला आहे असे समजावे. त्यानंतर टॉर्क रेंचने आवळावे. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ इतका जोर पुरतो. टॉर्क रेंच नसेल तर नवा वॉशरवाला १४ मिलिमीटरचा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, आणि निमुळत्या बैठकीचा प्लग फेऱ्याचा फक्त सोळावा हिस्सा फिरवावा. सैल प्लगची उष्णता हेडकडे जात नाही आणि तो जळतो. जास्त आवळलेल्या प्लगचे कवच ताणले जाते किंवा हेडचे आटे जातात. मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस लावू नये. ग्रीसमुळे घर्षण कमी होते आणि त्याच मापाने आवळलेला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. प्लग नेहमी सगळ्या सिलिंडरांचे एकदम बदलावेत.

बनावट मालापासून सावध

नावाजलेल्या कंपन्यांचे नकली प्लग बाजारात आहेत. सिरॅमिकवरची छपाई पुसट असणे, मधला इलेक्ट्रोड मध्यावर नसणे, वॉशर हाताने सहज निघून येणे, आट्यांवर खरबरीतपणा असणे आणि किंमत संशय यावा इतकी कमी असणे, ही त्यांची लक्षणे. रेझिस्टरच्या प्लगला मल्टिमीटर लावल्यावर टर्मिनल ते मधल्या टोकापर्यंत काही हजार ओम दिसायला हवेत. शून्य किंवा अगणित रोध दिसला तर तो प्लग घेऊ नये. अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन केलेली खरेदी हाच सर्वांत भरवशाचा बचाव आहे.

प्लग विकत घेण्यापूर्वी वाहनधारकाने एवढे करावे : गाडीची पुस्तिका उघडावी, त्यातला क्रमांक आणि बदलण्याचा अवधी लिहून घ्यावा आणि काढलेला प्लग नव्याशेजारी धरून आटे, लांबी व गॅप जुळवून पाहावा. इंजिनाला महाग किंवा स्वस्त प्लग कळत नाही, त्याला स्वतःच्या मापाचा प्लग लागतो.